शंभरावा भाग

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



‘अमेरिकेची लोकप्रिय करमणूक आणि इतर देशांची: दर्जाचा विचार’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. असा विषय मिळाला की वक्त्याची चंगळ असते. अमेरिकेला चार शब्द सुनवायचे, इराण, कोरिया आणि डेन्मार्कची नावं घ्यायची, मध्येच जपानी दिग्दर्शक कुरोसावाला नमस्कार घालायचा आणि टाळ्या घेऊन खाली बसायचं. यातलं बरंचसं खरंही असतं, म्हणून तर टाळ्या पडतात. पण असं बोलणारा माणूस नेमकी कशाची कशाशी तुलना करत असतो, ते एकदा बघायला हवं.

कोरियातून आपल्या टीव्हीपर्यंत काय पोचतं? तिथल्या समीक्षकांनी वाखाणलेलं, महोत्सवांनी निवडलेलं, कुठल्यातरी परदेशी कंपनीला विकत घ्यावंसं वाटलेलं. कोरियन गृहिणी सकाळची कामं उरकता उरकता ज्या शंभर-सव्वाशे भागांच्या मालिका वर्षानुवर्षं बघत असत, हरवलेली मुलं, स्मृती गेलेल्या सुना आणि कपटी सासवांनी भरलेल्या, त्या आपल्यापर्यंत क्वचितच आल्या. ब्रिटनची ‘शेरलॉक’ आपण बघतो. १९६० पासून अव्याहत चालू असलेली ‘कोरोनेशन स्ट्रीट’ किती जणांनी पाहिली आहे? अमेरिकेचं मात्र सगळं येतं, उत्तम, बरं आणि भिकार एकाच गाडीतून. म्हणजे इतरांची आपण फक्त साय चाखतो आणि अमेरिकेचं अख्खं पातेलं तोंडाला लावतो, आणि मग म्हणतो, दूध पातळ आहे.

म्हणून देशांची तुलना बाजूला ठेवून एकच गोष्ट दोन देशांत कशी सांगितली गेली ते बघू. अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. सगळ्यांत बोलकं, मला वाटतं, ‘द ऑफिस’चं.

बीबीसी टूवर ९ जुलै २००१ रोजी ही मालिका सुरू झाली. लंडनच्या पश्चिमेला स्लाव नावाचं गाव आहे. त्याच्या नीरसपणाची थट्टा करण्याची इंग्रजांत जुनी परंपरा आहे. तिथे एका कागदविक्या कंपनीची शाखा, आणि तिच्यावर माहितीपट करायला आलेला कॅमेरा. साहेब डेव्हिड ब्रेंट. आपण फार विनोदी आहोत आणि हाताखालच्या माणसांचे लाडके आहोत, असा त्याचा ठाम समज. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनीच सगळं लिहिलं, दिग्दर्शित केलं, आणि ब्रेंटचं काम जर्व्हेसनेच केलं. पहिल्या पर्वाचे सहा भाग, दुसऱ्याचे सहा, २००३च्या नाताळात दोन भागांचा समारोप. एकूण चौदा. त्यानंतर बीबीसीने विनवलं असतं तरी पुढे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अमेरिकन ‘द ऑफिस’ एनबीसीवर मार्च २००५ मध्ये आली आणि मे २०१३ मध्ये संपली. भाग २०१.

चौदा आणि दोनशे एक. या दोन मालिकांच्या दर्जावर आजवर जे वाद झाले, त्यांतले निम्मे या दोन आकड्यांपाशीच मिटतात. हे दोनशे भाग काही लेखकांच्या हौसेने झालेले नाहीत. जुन्या अमेरिकन दूरचित्रवाणीचा हिशेब असा होता: मालिका तयार करणाऱ्या स्टुडिओला वाहिनी जे पैसे देई, त्यात एका भागाचा खर्चही पुरता निघत नसे. स्टुडिओ दर भागाला खोट खाऊन मालिका चालवायचा. ही खोट भरून निघायची ती मालिका जुनी झाल्यावर, गावोगावच्या स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकून. ही केंद्रं सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवणार. हाताशी शंभर भाग असले तर वीस आठवडे तोच भाग पुन्हा लागत नाही. म्हणून शंभराच्या आसपास भाग झाले की मालिका विकाऊ झाली, असा धंद्यातला दंडक होता. शंभरावा भाग झाला की सेटवर केक कापत. त्याआधी मालिका बंद पडली तर पैसे बुडाले.

याउलट बीबीसी चालते ती टीव्ही बघणाऱ्या घरांकडून वर्षाला घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर. तिथे सहा भागांनी कुणाचं दिवाळं निघत नाही. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांच्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ आणि १९७९ मिळून बाराच भाग झाले, आणि ब्रिटनमधल्या सर्वोत्तम विनोदी मालिकांच्या यादीत त्या बारा भागांना आजही कुणी हलवू शकलेलं नाही.

हा जमाखर्च थेट पात्राच्या स्वभावात कसा उतरतो, ते बघण्यासारखं आहे. अमेरिकन मालिकेचा पहिला भाग जवळजवळ ब्रिटिश संहितेबरहुकूम केलेला आहे आणि तो फिका आहे. स्टीव्ह कॅरेलने केलेला तिथला साहेब मायकेल स्कॉट त्यात डेव्हिड ब्रेंटचे कपडे घातल्यासारखा वाटतो. ब्रेंट असह्य आहे, आणि सहा आठवडे माणूस असह्य असला तरी चालतो; नव्हे, त्यातच मजा असते. पण वर्षाला वीस-बावीस आठवडे, आणि तेही वर्षानुवर्षं, असह्य माणूस दिवाणखान्यात कोण येऊ देईल? दुसऱ्या पर्वापासून अमेरिकन मालिकेचे कर्ते ग्रेग डॅनियल्स आणि त्यांच्या लेखकांनी मायकेलला बदललं. तो मूर्ख राहिला, पण त्याला एकटा केलं. संध्याकाळी घरी कुणी वाट बघणारं नाही, म्हणून ऑफिसातल्या माणसांनाच तो आपलं कुटुंब समजतो आणि ती माणसं साडेपाचला पळ काढायच्या तयारीत असतात. शिवाय तो विक्रेता म्हणून खरोखर कुशल आहे, हेही अधूनमधून दाखवलं. टिकाऊ मालिकेची गरज म्हणून झालेला हा बदल, पण त्यातून जे पात्र उभं राहिलं ते कुठल्याही देशाने हेवा करावा असं आहे. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची पर्वं मी जर्व्हेसच्या बरोबरीने ठेवतो. ज्यांना हे पाखंड वाटतं त्यांनी ती पर्वं पुन्हा बघावीत.

आता दुसरी बाजू. दोन्ही मालिकांत एक अबोल प्रेमकथा आहे. ब्रिटिश मालिकेत टिम आणि स्वागतकक्षातली डॉन. तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं. दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात टिम कॅमेऱ्यासमोर शहाणपणाचं काहीतरी बोलत असतो आणि बोलता बोलता उठतो. बाहेर जाऊन डॉनला एका खोलीत घेऊन जातो आणि दार लावून घेतो. कॅमेरा काचेबाहेर धडपडत राहतो. टिमच्या अंगावर माहितीपटवाल्यांचा मायक्रोफोन असतो, म्हणून निदान ऐकू येईल अशी आपली आशा. तर तो कमरेकडे हात नेतो आणि मायक्रोफोन काढून टाकतो. आवाज बंद. पडद्याच्या फटींतून दोन माणसं दिसतात, तो बोलतो, ती त्याला मिठी मारते, आणि ती मिठी होकाराची नाही हे तिच्या खांद्यांवरून कळतं. मग तो जागेवर येऊन बसतो, मायक्रोफोन पुन्हा लावतो आणि ती नाही म्हणाली एवढं सांगतो. संपलं.

अमेरिकेत जिम आणि पॅम. त्यांचा तसा प्रसंगही उत्तम आहे. मे २००६ मध्ये दाखवलेला तो भाग स्वतः कॅरेलने लिहिला आहे. पण तो दुसऱ्या पर्वाचा शेवट होता आणि पुढे सात पर्वं उभी होती. २००९ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्यानंतरही मालिका साडेतीन वर्षं चालली, म्हणून सुखी जोडप्यात बेबनाव घालावा लागला, २०११ मध्ये कॅरेल निघून गेल्यावर रिकाम्या खुर्चीत एकेकाला बसवून बघावं लागलं. शेवटची दोन पर्वं बघताना लेखक खोलीत कपाळाला हात लावून बसलेले दिसतात.

मग ब्रिटिश मालिका श्रेष्ठ, असं म्हणून विषय मिटवावा का? माझं मन तसं घेत नाही, आणि त्याला कारण आहे. २०२० साली, म्हणजे मालिका संपून सात वर्षं झाल्यावर, टाळेबंदीच्या त्या वर्षात अमेरिकेतल्या लोकांनी स्ट्रीमिंगवर सर्वांत जास्त काय पाहिलं, तर अमेरिकन ‘द ऑफिस’. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या हिशेबानुसार ५,७०० कोटींहून अधिक मिनिटं. कुठलीही नवी, महागडी, पुरस्कारप्राप्त मालिका त्या वर्षी तिच्या पुढे गेली नाही. लोक ती कथेसाठी बघत नव्हते. कथा तर पाठ होती. घरात माणसांचा आवाज हवा होता.

करमणुकीत दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि आपण दोन्हींना एकाच तराजूत टाकतो. एक आहे गोष्ट. गोष्टीला शेवट लागतो. शेवट नसेल तर मधलं सगळं लटकं पडतं. दुसरी आहे सोबत. सोबतीला शेवट नको असतो. उलट तो आला की माणसं हिरमुसतात. अमेरिकेच्या जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिन्यांनी सोबत तयार करण्याची कला जेवढी पूर्णत्वाला नेली, तेवढी फार थोड्यांना जमली. ‘गायडिंग लाइट’ ही त्यांची मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. बहात्तर वर्षं. साबणवाल्या कंपनीच्या पैशावर चाललेला हा संसार. आजीने ऐकायला सुरुवात केली आणि नातीने शेवट पाहिला. त्यात कुणी कलाकृती शोधू नये, पण बहात्तर वर्षं रोज कुणाच्या तरी घरी जाऊन बसणं हे काही सोपं काम नाही.

घोटाळा होतो तो एकीला दुसरीचं काम सांगितलं की. डेन्मार्कच्या सार्वजनिक वाहिनीने, डीआरने, २००७ मध्ये ‘फोर्ब्रिडेल्सेन’ दाखवली. कोपनहेगनमध्ये एका तरुण मुलीचा खून होतो. तपास करणारी सारा लुंड, मुलीचे आईवडील आणि निवडणूक लढवणारा एक राजकारणी अशा तीन धाग्यांत वीस भाग जातात. वीस दिवसांचा तपास, एक भाग म्हणजे एक दिवस. विसाव्या भागात खुनी सापडतो. गंमत म्हणजे या डॅनिश मंडळींनी एकत्र बसून लिहिण्याची पद्धत अमेरिकेतूनच उचललेली. नव्वदच्या दशकात तिथल्या मालिकांच्या लेखनाच्या खोल्यांत जाऊन ती शिकून आले होते. फक्त तिच्यात त्यांनी आपल्या घरचा एक नियम घातला: शेवटचा शब्द मूळ लेखकाचा.

एएमसी या अमेरिकन वाहिनीने २०११ मध्ये तीच कथा ‘द किलिंग’ म्हणून सिॲटलमध्ये नेली. पाऊस, स्वेटर, शोकाकुल घर, सगळं जसंच्या तसं आणि फार चांगलं वठलेलं. पहिल्या पर्वाचे तेरा भाग. प्रेक्षक तेराव्या भागाला श्वास रोखून बसले आणि खुनी काही सांगितलाच नाही. पुढल्या वर्षी या! लोक खवळले, समीक्षकांनी झोडपलं. डॅनिश वाहिनीनेही आपले वीस भाग वर्षातून दोन हप्त्यांत दाखवले होते. थांबायला लावण्यात गुन्हा नव्हता. गुन्हा होता ज्याला शेवट हवा अशा गोष्टीला दुसऱ्या पर्वासाठी ओलीस ठेवण्यात.

चित्रपटात हाच रोग वेगळ्या रूपात दिसतो. जॉर्ज स्लाउझर या डच दिग्दर्शकाने १९८८ मध्ये ‘स्पूरलोस’ केला. फ्रान्समधल्या हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर एक तरुणी थंड पेय आणायला जाते आणि परत येत नाही. तीन वर्षं तिचा प्रियकर तिला शोधतो. मग तिला पळवणारा माणूस, बायकामुलांत रमणारा एक शांत शिक्षक, स्वतः त्याच्याकडे येतो आणि म्हणतो, तिचं काय झालं ते कळायचं असेल तर गुंगीचं औषध घातलेली ही कॉफी पी. तो पितो. जागा होतो तेव्हा जमिनीखाली, पेटीत, हातात लायटर. वरती शिक्षक आपल्या बागेत कुटुंबासोबत बसलेला. चित्रपट संपला. १९९३ मध्ये हॉलिवूडने हाच चित्रपट पुन्हा केला, दिग्दर्शक तोच स्लाउझर, आणि शेवटी नायकाला त्याची नवी मैत्रीण उकरून बाहेर काढते, खलनायक मरतो. माणूस तोच, कौशल्य तेच. पैसा ज्याचा होता त्याला प्रेक्षक थिएटरातून खिन्न होऊन बाहेर पडायला नको होते.

हे ऐकून आपण फार खूश व्हायचं कारण नाही. मराठीची अमेरिका अंधेरीत आहे. ‘सैराट’ २०१६ मध्ये आला आणि दोन वर्षांत त्याचा हिंदी ‘धडक’ झाला. हिंदीवाल्यांनी शेवट गोड केला असं नाही. तोही भयानकच आहे. पण करमाळ्याकडच्या त्या कथेचा कणा जो जातीचा, तो उदयपूरच्या हवेल्यांत नेताना इतका मऊ केला की शेवटचे खून नेमके कशासाठी होतात हे बाहेरच्या प्रेक्षकाला धड कळू नये.

पैसा ज्याचा, त्याच्यावर बरंच अवलंबून असतं, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा खुद्द अमेरिकेतच आहे. एचबीओ ही वाहिनी वर्गणीवर चालते, जाहिराती नाहीत. घरात दर महिन्याला वर्गणी भरली गेली म्हणजे झालं. प्रत्येक कार्यक्रम प्रत्येकाने बघावा अशी तिची गरज नाही. तिथे ‘द वायर’ झाली, २००२ ते २००८, साठ भाग. डेव्हिड सायमन हे बाल्टिमोरच्या दैनिकात गुन्हेगारीच्या बातम्या करणारे माजी वार्ताहर. एका पर्वात गर्द विकणारी पोरं आणि पोलीस, दुसऱ्यात गोदी, तिसऱ्यात महापालिकेचं राजकारण, चौथ्यात शाळा, पाचव्यात वर्तमानपत्र. एक शहर आतून कसं कुजतं याचं एवढं सविस्तर चित्र कुठल्याही देशाच्या दूरचित्रवाणीवर मी पाहिलेलं नाही. बघणारे थोडे होते, मोठे पुरस्कार जवळजवळ नाहीतच. जाहिरातींवरच्या वाहिनीने तिला पहिल्या वर्षीच घरी पाठवलं असतं. आणि त्यातल्या बाल्टिमोरच्या दोन अस्सल माणसांची कामं डॉमिनिक वेस्ट आणि इद्रिस एल्बा या दोन इंग्रजांनी केली आहेत. आता ही करमणूक कुणाची, ते तुम्हीच ठरवा.

कोरियाकडे मी मुद्दाम शेवटी वळतो. १९९४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांना सादर झालेल्या एका अहवालात एक हिशेब होता: ‘जुरासिक पार्क’ या एका चित्रपटाने जे कमावलं, तेवढं मिळवायला हुंडाईच्या १५ लाख मोटारी विकाव्या लागतील. सरकारला सिनेमा हा उद्योग वाटू लागला तो तेव्हापासून. संरक्षण त्याआधीपासून होतंच. १९६७ पासून तिथल्या चित्रपटगृहांवर कोरियन चित्रपट वर्षातले ठरावीक दिवस दाखवण्याचं बंधन होतं. ते १४६ दिवसांवरून ७३ वर आलं २००६ मध्ये, अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी करायची म्हणून. त्याआधी १९९९ मध्ये तिथल्या सिनेमावाल्यांनी ही कपात होऊ नये म्हणून भर रस्त्यात मुंडन करून निषेध केला होता. बोंग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’ने २०२० मध्ये ऑस्करचा सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळवला त्याच्या मागे हे सगळं उभं आहे.

आणि आता ‘स्क्विड गेम’. ह्वांग डोंग-ह्युक यांनी ती कथा २००८-०९ च्या सुमारास लिहिली, तेव्हा स्वतः कर्जात होते. दहा वर्षं कोरियात कुणी हात लावला नाही. अखेर अमेरिकन नेटफ्लिक्सने पैसे घातले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये नऊ भाग आले. कर्जबाजारी माणसं पोरांचे खेळ खेळत जिवावर उदार होतात, ही गोष्ट त्या नऊ भागांत पुरी झाली होती. जगभर डोक्यावर घेतली गेली. हक्क नेटफ्लिक्सचे. ह्वांग यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की पहिल्या पर्वाच्या ताणाने त्यांचे दात पडले, आणि पुढचं पर्व करायला होकार देण्यामागे पैसा हेही कारण होतं. दुसरं पर्व २०२४ च्या डिसेंबरात, तिसरं २०२५ च्या जूनमध्ये. तिसऱ्याच्या अगदी शेवटच्या दृश्यात लॉस एंजेलिसच्या एका गल्लीत केट ब्लँचेट कोरियन कागदी चकत्यांचा खेळ खेळताना दिसते. शेवट झालेल्या गोष्टीला पुन्हा चालायला लावलं की ती शेवटी कुठे जाऊन पोचते, ते यापेक्षा उघड कुणी दाखवलं नसेल.

आपल्याकडचं म्हणाल तर दोन्ही वस्तूंची आपल्याला चांगली ओळख आहे. दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका पाहिलेली पिढी समोर बसली आहे, आणि ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग ज्या घरांत झाले, तीही घरं याच गावात आहेत. त्या मालिकेला नाकं मुरडणं सोपं आहे. संध्याकाळी स्वयंपाक करताना एकटीला ती काय देत होती, ते नाकं मुरडणाऱ्याने कधी विचारलं नाही. माझी तक्रार निराळी आहे. ती अशी की मराठी वाहिन्यांवर आता सोबतीशिवाय दुसरं काही विकायलाच नाही. एखादी चांगली गोष्ट घेऊन येणाऱ्या लेखकालाही पहिल्या बैठकीत विचारतात, पाचशे भाग निघतील का?

शंभरी साजरी करण्याची हौस आपल्या रंगभूमीलाही आहेच. पण नाटकाचा शंभरावा प्रयोग म्हणजे तीच गोष्ट शंभराव्यांदा, त्याच जागी पडणाऱ्या पडद्यासह. आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ मूळची एका इंग्रजी प्रहसनावरून आलेली; तिचे प्रयोगांवर प्रयोग झाले, म्हणून कुणी तिला चौथा-पाचवा अंक जोडला नाही. प्रेक्षक दर रात्री नवा येतो, नाटक तेच राहतं. मालिकेत प्रेक्षक तोच राहतो आणि त्याच्यासाठी रोज नवीन पाणी भरावं लागतं.

अमेरिकेतही जुना हिशेब आता मोडला आहे. स्ट्रीमिंगवर पुनःप्रक्षेपणाचा तो बाजार नाही, भाग आठ-दहावर आले, लेखकांची टोळी लहान झाली. २०२३ मध्ये तिथले लेखक १४८ दिवस संपावर होते, आणि लेखनाच्या खोलीत किमान किती लेखक असावेत हीसुद्धा त्यांची एक मागणी होती. म्हणजे भागांची संख्या ब्रिटनएवढी झाली, पण मागे परवाना शुल्काची निश्चिंती नाही. त्यातून काय निपजेल ते पाच-दहा वर्षांत दिसेलच.

वेळ झाली. ‘फोर्ब्रिडेल्सेन’ आणि ‘द किलिंग’ या दोन्ही मालिका बघायचा बेत कुणी करत असेल तर एक सूचना. डॅनिश मालिका आधी पाहिलेल्यांनी चहाच्या टेबलावर खुनी कोण ते खुशाल सांगावं; अमेरिकन मालिका बघणाऱ्याचा रसभंग होणार नाही. सिॲटलमध्ये खून दुसऱ्याच माणसांनी केला आहे.